माजी बाबा

१० जानेवारी

ती. बाबांना नमस्कार.

अख्खं 'तीर्थरूप' लिहायला हात धजेना, तेव्हा संक्षेपावर भागवून घ्या. आम्ही तिघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. मी कॉलेजात जाते आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या आम्हा मुलांच्या पाक्षिकाची संपादक म्हणून मिरवते. चार पानं, शिंप्याच्या दुकानावरची खोली, एक उसना कॉम्प्युटर आणि सहा जण; त्यातले पाच स्वतःलाच संपादक समजतात. पाणी कधी येणार, कुणाचं मांजर हरवलं, असल्या बातम्या. लोक नावं ठेवतात आणि अंक लांबला की जिना चढून विचारायलाही येतात.

आपली धाकटी भुंगीही आता या पाक्षिकात आमच्यात असते. तुम्ही ठेवलेलं नाव तिनं सार्थ केलंय, दिवसभर कानाशी गुणगुण. चौदाची झाली. 'घरातलं माणूस' या सदरात तिनं तुमच्यावर लिहिलं. शीर्षक छापून आलं, 'माजी बाबा'.

झालं! वस्तीभर हसू. किराणावाले काका म्हणाले, "अगं, बाप काय मंत्री आहे का माजी व्हायला?" मजकूर टाईप करतो चष्मेवाल्याचा मुलगा. त्याला मी फैलावर घेतलं, डोळे दुकानात ठेवून येतोस का म्हणून. त्यानं भुंगीचा कागद पुढे केला. तिच्या गोलगोल अक्षरात 'माजी'च होतं.

"चुकून लिहिलंस ना गं?"

"नाही. आजी-माजी विद्यार्थी म्हणतो ना आपण? तसंच. त्या बाळाचे ते आजी बाबा, माझे माजी."

'आजी बाबा' ऐकून सगळे खो खो हसले. मग एकेक जण आपापल्या कागदांत डोकं घालू लागला.

तुमच्या तिकडच्या बाळाचं तिला कुणी सांगितलं, ठाऊक नाही. तुमची बदली झाली आहे, एवढंच आम्ही तिला सांगत आलो. आई तर ते शेजारणींनाही सांगते, आणि त्याही बिचाऱ्या मान डोलावतात.

छापायच्या आधी तो लेख मी वाचला होता. बाबा शिट्टी वाजवून मला उठवायचे, पंख्याशी गप्पा मारत पंखा दुरुस्त करायचे. सगळं 'करायचे', 'म्हणायचे'. मला काही खटकलं नाही, कारण मीही तुमच्याबद्दल असंच बोलते. शीर्षकसुद्धा वाचलं होतं, पण 'माझे' असंच वाचलं. डोळे आपल्याला हवं तेच वाचतात.

आता भांडण आहे दुरुस्तीवरून. "'माजी'ऐवजी 'माझे' असे वाचावे" असं पुढच्या अंकात छापून मोकळं व्हावं, असं बाकीच्यांचं म्हणणं. भुंगी अडून बसली आहे. "ज्याच्याबद्दल छापायचं त्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही, हा नियम तुझाच ना, ताई? मग विचार त्यांना." म्हणाली अगदी नाक उडवून, पण तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं की तिची गुणगुण थांबते. मला तुमचा राग येतो, बाबा. तिचाही येतो, ती अजून कान देऊन बसते म्हणून.

तर विचारते. अंक येत्या शुक्रवारी छापखान्यात जातो. दुसऱ्या पानावर दुरुस्तीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. फोन नको, खेळणं-खाऊ पाठवणं नको, ती आता मोठी झाली. बस अजूनही आपल्याच कोपऱ्यावर थांबते. गुरुवारपर्यंत आलात आणि तिच्यासमोर बसून ती विचारेल त्याची खरी उत्तरं दिलीत, तर दुरुस्ती ती स्वतः टाईप करेल. नाही आलात, तर त्या जागी चष्म्याच्या दुकानाची जाहिरात जाईल, आणि मीही त्या शब्दाला पुन्हा चूक म्हणणार नाही.

तुमची
(हा शब्द दोनदा तपासला, सध्या तसाच ठेवते)
थोरली