चौकटीतलं आभारपत्र

३ जून

चि. बाळूस,
अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक, म्हणजे खोकत खोकत ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझी शाळा आमच्या भंगाराच्या शेडमध्ये आली आहे. गेल्या मंगळवारी जुने कॉम्प्युटर उतरले, प्रत्येकावर तुमच्या शाळेचा शिक्का. मी ते उघडते, वायरी वेगळ्या करते. मागे तांब्यासाठी त्या जाळतात, सर्किटं ॲसिडात बुडवतात आणि उरलेलं पाणी ओढ्यात सोडतात. आमच्या हातपंपाचं पाणी आता तोंडात धरवत नाही, म्हणून मी तक्रार केली. तपासणीचे साहेब आले. ठेकेदाराने त्यांना भिंतीवरची चौकट दाखवली. 'एक स्क्रूही मातीत पडू न देता विल्हेवाट लावली,' असं तुझं आभारपत्र, तुझ्याच वळणदार अक्षरात. साहेब ते वाचून, चहा पिऊन गेले.

ते पत्र मागे घे. लोभ आहेच, सध्या रागही आहे.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. ठेकेदाराच्या माणसांनी गाडी भरून नेली, प्रमाणपत्र दिलं, मी आभार मानले. माल पुढे कुठे जातो, हे विचारलंच नाही. पण मुख्याध्यापक म्हणून माझे तीनच महिने उरलेत, आदर्श शाळेचं बक्षीस जाहीर झालंय. आत्ता शब्द फिरवला तर चारचौघांत नाक कापलं जाईल. समारंभ तेवढा होऊ दे. तोवर ते काम सोडून इकडेच ये, ही तर तुझी वाटच पाहतेय.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
बाळू

१६ जून

चि. बाळूस,
आशीर्वाद नेहमीचेच.

येते, पण हातपंप काय डोक्यावर घेऊन येऊ? मी गेले तर माझ्या जागी शेजारीण बसेल आणि पाणी तेच पिईल. तुला नाकाची एवढी काळजी, तर त्याच नाकाने इथे एक दिवस श्वास घेऊन बघ. न बघता लिहिलंस ती चूक झाली. आता कळूनही गप्प बसलास तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात एका कॉलेजचा माल येतोय, तुझंच पत्र बघून. तू लिही किंवा लिहू नकोस, मी दारात आडवी बसणार.

भावजयीला सांग, तिच्यावर राग नाही.

ताई

२१ जून

ती. ताईस,
सा. न.

लिहिलं. तपासणीच्या कार्यालयाला, कॉलेजला आणि ठेकेदारालाही. मी न पाहता खोटं लिहिलं, अशाच शब्दांत. एक प्रत शाळेच्या फलकावर लावली. बक्षीस गेलं. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, मास्तर, तीन महिने गप्प बसवलं नाही का? मी म्हटलं, नाही बसवलं. रविवारी येतो.

तुझा,
बाळू

२४ जून

चि. बाळूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ठेकेदाराने मला कामावरून काढलं. माझ्यामागून बाकीच्या अकराजणी आपणहून बाहेर आल्या, शेजारीणसुद्धा. आम्ही दारातच बसलो आहोत. कॉलेजची गाडी, तिथे तुझं पत्र पोचायच्या आधीच निघालेली, सकाळपासून रस्त्यावर उभी आहे. ड्रायव्हर दोनदा उतरून विचारून गेला, आजी, जरा सरकता का? मी सांगितलं, सरकायला जागाच नाही, रविवारी माझा भाऊ येतोय, त्याची जागा धरून ठेवली आहे.

तुझीच,
ताई