आचलच्या बाहीचं माप

अमरावती, ११ नोव्हेंबर २०२४

सौ. सुभद्राताई विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

दिवाळीचे आठ दिवस तुमच्याकडे राहून नात काल सुखरूप परतली. आल्यापासून एकच टकळी, अकोल्याच्या आजीनं माझं पिवळं स्वेटर सुरू केलं, लोकरीचा गुंडा मीच केला. मी विणून ठेवलेली दोन स्वेटरं काढली, तर मले अकोल्यावालंच पाह्यजे म्हणून पाय आपटले. तिची वेणी मी घालते, शाळेत मी सोडते, आणि गुणगान तुमचं! खरं सांगते, जीव जळतो.

फोन केला असता, पण तुमची लेक रागिणी तो स्पीकरवर ठेवते. सुनेनं ऐकावं असं हे नाही. आमचा अमोल दर शनिवारी कामासाठी तिकडे येतोच, म्हणून त्याच्याजवळ चिठ्ठी देते. बाहीचं माप राहिलं म्हणालात, तर आचलच्या हाताएवढा लोकरीचा धागा तोडून सोबत ठेवला आहे.

लोभ नातीवर आहेच, थोडा माझ्यावरही असावा.
आपली, वच्छला

अकोला, २३ नोव्हेंबर

सौ. वच्छलाताईंना,
स. न. वि. वि.

चिठ्ठी आणि धागा मिळाला. तुमचा हात भराभर चालतो, माझं तसं नाही. जेवणं झाली की उन्हात बसते, चार ओळी विणते, एक फंदा चुकला की तीन उसवते. आचलनं विचारलंच होतं, आजी तू विनून राहिली का उसवून राहिली म्हणून.

जीव जळतो म्हणता, तर इकडचंही ऐका. तुम्हाला ती रोज उशाशी, मला दिवाळी आणि मे महिना. ती गेल्यावर तिचा दुधाचा पेला मी दोन दिवस विसळला नाही. एका स्वेटरापुरतं तरी मला पुढं असू द्या.

जळा, पण लोभ ठेवा.
आपली, सुभद्रा

अमरावती, ६ डिसेंबर

सौ. सुभद्राताईंना,
स. न. वि. वि.

थंडी वाढली. पोरगी दर शनिवारी बापाची पिशवी उपसते आणि तोंड पाडून बसते. माझं तिसरंही विणून झालं. तुम्ही सावकाश होऊ द्या, लग्नात घालेल.

लोभ आहे, वाट पाहायची तयारी नाही.
वच्छला

अकोला, १४ डिसेंबर

सौ. वच्छलाताईंना,
स. न. वि. वि.

स्वेटर जावईबापूंबरोबर पाठवते आहे. उशीर झाला तो तुमच्या धाग्यानं. त्या मापानं एक बाही विणली, पाहते तर वर्षाच्या लेकराची! ज्या हातांनी आचल माझ्या गळ्यात पडते, ते एवढे आखूड नाहीत. दोन दिवस तुमच्या नावानं बोटं मोडली. मग दोन्ही बाह्या माझ्या अंदाजानं विणल्या.

ती आखूड बाही मात्र उसवली नाही. अजून सपाटच होती. मधोमध दुमडली, मागून शिवली, छान टोपरं झालं. बंद म्हणून तुमचाच धागा दोन तुकडे करून लावला. कोणासाठी, ते रागिणीला विचारा. मला तिनं तुळशीच्या लग्नादिवशीच सांगितलं. आचलच्या वेळी पहिलं टोपरं तुमचं होतं. या वेळी माझं.

लोभ आता दोन नातवंडांच्या मापानं असावा.
सुभद्रा

अमरावती, १६ डिसेंबर

सौ. सुभद्राताईंना,
स. न. वि. वि.

स्वेटर आचलला नेमकं बसलं. झोपतानाही काढत नाही.

रागिणीला विचारलं. तिसरा महिना भरला की सांगणारच होते म्हणाली आणि मान खाली घातली. एका घरात राहून मला बातमी अकोल्याहून कळावी! हा राग लवकर जायचा नाही, तुमच्यावरचा तर नाहीच.

पायमोजे मी सुरू केले आहेत, त्यांत तुम्ही हात घालू नका. टोपऱ्याची वीण चांगली आहे. बंद तेवढे फार आखूड होते, लेकराच्या हनुवटीखाली गाठ बसली नसती. मी ते काढले आणि नवे विणून लावले, चांगले लांब.

लोभात कमी करू नये.
तुमची, वच्छला