आमची गाडी बरी चालते

८ फेब्रु. ९८, रविवार
आज पुन्हा तेच. तापीच्या पुलाआधीच्या उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. पुढे केळीचा ट्रक, मागचं फळकं माझ्या डोळ्यांसमोर मोठं मोठं होत आलं. ह्यांनी दोन-तीनदा धपाधप दाबला तेव्हा गाडी थांबली. ट्रकवर बसलेला हमाल आमच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, नवी गाडी दाखवायला जवळ आणली.
हे म्हणाले, "पाय सरकला."
पाय सरकणाऱ्याचे कान पांढरे पडत नाहीत.  फाटकात शिरताना म्हणाले, "कोणाजवळ बोलू नको."

१० फेब्रु., मंगळवार
जळगावच्या शोरूमला ह्यांनी फोन केला. तिथले साहेब म्हणाले, "नाना, परदेशी बनावटीची गाडी आहे, नाजूक पायाने चालवायची. सवय होईल. आजवर एकही तक्रार नाही आपल्याकडे." ह्यांना एकदम बरं वाटलं. म्हणजे दोष गाडीत नाही, पायात. पायातला दोष घरातल्या घरात राहतो.
मी म्हटलं, वीस-बावीस वर्षं ट्रॅक्टर, जीप, मेटाडोर चालवली तेव्हा पाय कुठे होता? जेवण अर्धं टाकून उठले.
मला कळतं त्यांचं. ही गाडी चोपड्यात आली तेव्हा अख्खा बाजार रस्त्यावर. मी तिला पहिल्या दिवसापासून हत्ती म्हणते. पांढरी, अवाढव्य, दारात उभी राहिली की ओट्यावरचं ऊन अडवते. चहाच्या टपरीवर लोक आधीच बोलत होते, केळीला दोन वर्षं भाव मिळाला तर नाना उडायला लागला. आता ब्रेक लागत नाही म्हटलं तर पोरंसोरं टाळ्या पिटतील. ह्यांचं नाक आहे ते. पण नाकासाठी जीव द्यायचा का?

१७ फेब्रु.
सासूबाईंना कुठून वास लागला कोण जाणे. "नजर लागनी शे गाडीले. मनुदेवीले लई जाय." सकाळी सगळे मनुदेवीला. नारळ, लिंबू, काळी बाहुली. देवीला जाताना हत्ती शहाण्यासारखा चालला. येतानाही. सासूबाई माझ्याकडे बघून, "देख!"
हात मीही जोडले, मनापासून जोडले. पण देवीसमोर उभी राहून माझ्या डोक्यात ते ट्रकचं फळकंच.

२ मार्च, सोमवार
आबाभाऊ आले. ह्यांचे चुलतभाऊ, वयाने धाकटे, पण गावात सगळे आबाच म्हणतात. चहा अर्धा पिऊन मुलाच्या लग्नाचं काढलं, "नाना, सुनीलनं लगीन मे महिनामा शे, सेंधव्याले. नवरदेव तुन्ही गाडीमा जाई."
हे लगेच, "इचारनं काय? लई जाय."
सेंधवा म्हणजे बिजासनचा घाट. जाताना चढ. येताना उतार, तोही नव्या नवरीला घेऊन.
माझ्या तोंडून निघून गेलं, "मेमध्ये गाडी सर्व्हिसिंगला जायची आहे, आबाभाऊ."
आबाभाऊंनी बशी खाली ठेवली. "गाडी नानानी शे का वहिनीनी?" हसत म्हणाले, पण चहा तसाच टाकून गेले.
नंतर ह्यांचा राग. गावात ज्याच्याकडे चांगली गाडी त्याने नवरदेवाला द्यायची, हे आजोबांच्या दमणीपासून चालत आलेलं. दमणीचे बैलसुद्धा कधी नाही म्हटले नाहीत म्हणे, तू कोण? मी म्हटलं, बैलांना ब्रेक लागत होता.
संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, मोठ्या गाडीने वहिनीला शिंगं फुटली. फुटू देत.

८ मार्च, रविवार
पाचोऱ्याला लग्न. जीपने गेलो, मीच हट्ट धरला.
मांडवाबाहेर आपल्या हत्तीचा सख्खा भाऊ उभा. मरून रंगाचा. तिथल्या कापसाच्या जिनिंगवाल्या बापूंचा. त्यांची बायको सुमनताई पंगतीत नेमकी माझ्या शेजारी. वरण-बट्टीवर तूप पडलं, वांग्याची भाजी फिरली, मग दोघी गाडीच्या विषयावर आलो.
"तुमची बरी चालते ना?"
"हो, बरी चालते. तुमची?"
"आमची पण बरी चालते."
मग दोघी बट्टी कुस्करत बसलो. 
हात धुवायला गेलो तर सुमनताईंनी माझं कोपर धरलं. "खरं सांगू? आमची दिवाळीत जिनिंगच्या भिंतीत घुसली. ब्रेक खालीच बसला. बापूंनी एका रात्रीत भिंत बांधून घेतली, चुनासुद्धा मारला. कोणाला सांगशील तर बघ, म्हणाले." आणि धारेखाली हात तसेच धरून रडायला लागल्या. मलाही रडू आलं. पण खरं सांगायचं तर आधी बरंच वाटलं. आपण वेड्या नाही.
त्यांच्या ओळखीत ज.गावचे एक डॉक्टर, त्यांच्याकडेही हीच गाडी. त्यांचंही तेच. तेही कुणाला बोलत नाहीत.
आणि शोरूमवाला प्रत्येकाला सांगतो, एकही तक्रार नाही. बरोबरच आहे की! करतंय कोण?

१९ मार्च, गुरुवार
केलं एकदाचं.
ह्यांना सांगितलं, ज.गावला साड्या घ्यायला जाते. सुमनताई पाचोऱ्याहून रेल्वेने आल्या. दोघी थेट शोरूममध्ये. साहेबांनी थंड मागवलं, पंखा आमच्याकडे वळवला, नानासाहेब कसे आहेत, बापूसाहेब कसे आहेत.
मी म्हटलं, "एकही तक्रार नाही ना तुमच्याकडे? मग ही एक, आणि ह्या बाईंची दुसरी."
साहेब हसले. "ताई, गाडीचे मालक आले असते तर..."
सुमनताई म्हणजे वाटतात तशा गरीब नाहीत. "मालक भिंती बांधताहेत," म्हणाल्या.
साहेबांचा चेहरा बदलला. दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात, "वरती माहीत आहे. पार्ट बदलायचा आहे. मुंबईहून काहीतरी निघणार आहे. माझं नाव घेऊ नका." वरती माहीत आहे! आणि फेब्रुवारीत आम्हाला नाजूक पाय शिकवत होता.
येताना खरंच एक साडी घेतली. खोटं निदान अर्धं तरी खरं व्हावं.

११ एप्रिल, शनिवार
कंपनीचं रंगीत कार्ड आलं. वर फुगे. "सन्माननीय ग्राहकांसाठी मोफत तपासणी शिबिर." चहा-नाश्ता, भेटवस्तू. ब्रेक हा शब्द नाही. भिंग घेऊन शोधला असता तरी सापडला नसता.
हे खूश. "बघ, कशी काळजी घेतात. जीपवाल्याने कधी नाश्ता दिला का?"
 फुगे बघून तरी जातात ना, जाऊ देत.

१६ एप्रिल, गुरुवार
शिबिर. मीही गेले, त्या दिवशीची साडी दुकानात बदलून घ्यायचं निमित्त करून. शोरूमच्या अंगणात एकाला एक लागून पाच-सहा हत्ती. मालक लोक खुर्च्यांवर, हातात कचोरी. "कशी आहे?" "फर्स्टक्लास. तुमची?" "लोण्यासारखी." प्रत्येक जण हेच म्हणतोय आणि प्रत्येकाचा डोळा आतल्या शेडकडे. मला हसू आलं, मग त्यांची कीव आली, मग नुसती भीती वाटली.
पाचोऱ्याच्या बापूंचा पार्ट बदलला. मग पार्ट संपले. आमचा नाही. "पुढच्या महिन्यात, जूनपर्यंत नक्की. तोवर जरा जपून." भेट म्हणून किल्लीला लावायची साखळी दिली.
येताना हे स्वतःहून म्हणाले, "तपासली त्यांनी. आता काळजी नाही." तपासणे आणि दुरुस्त करणे ह्यातलं अंतर ह्यांना कळत नाही असं नाही. केळीचा घड बघून कुठल्या फणीला डाग पडणार ते सांगणारा माणूस आहे हा.

२३ एप्रिल, गुरुवार
आखाजी आली, अक्षय्यतृतीयेचा सण, लेकींनी माहेरी यायचा. आमच्या लेकीची, छायाची, लग्नानंतरची पहिली आखाजी. तिला धुळ्याहून आणायचं. हे हत्ती घेऊन जाणार, तसं विहीणबाईंना माघातच सांगून बसलेत. लग्नात त्या म्हणाल्या होत्या, "मुलीकडचे जीपमधून उतरले," ते अजून टोचतंय.
मी पाया पडले. हो, पाया पडले. एस.टी. आहे, जीप आहे. नाही म्हणजे नाही. "माझी पोरगी पहिल्या आखाजीला एस.टी.त धक्के खात येणार?"
दुपारी हे मळ्यात गेल्यावर धुळ्याला फोन केला. विहीणबाईंना सरळ सांगितलं, गाडीचा ब्रेक खराब आहे, छायाला तिच्यात बसवू नका.  पलीकडून, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." आवाजात कुठेतरी समाधान होतं. असू दे. मुलगी माझी आहे, समाधान त्यांचं असू दे.

२७ एप्रिल, सोमवार
छाया आली. जावई तिला एस.टी.ने घेऊन आले, चोपड्यापर्यंत, पुढे रिक्षाने. हे निघायच्या तयारीत, हत्ती धुऊन पुसून, नवा सदरा घालून उभे, तर दारात रिक्षा.
जावयांचं हसून स्वागत केलं. नंतर आत येऊन एवढंच, "आज तू माझी अब्रू धुळ्यात काढलीस."
तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी. लिंबाला झोका बांधला. छाया आणि आळीतल्या मुली गाणी म्हणत होत्या. सांजोऱ्या तळताना मला सारखं भरून येत होतं. पोरगी सुखरूप घरात आहे, आणि नवऱ्याचा चेहरा बघवत नाही.

४ मे, सोमवार
परवा सुनीलचं लग्न. ह्यांनी आबाभाऊंना परस्पर गाडी कबूल केली, चालवणार हे स्वतः. मुद्दाम. माझ्यावरचा राग.
 छायासाठी मी विहिणीपुढे मान खाली घातली. सुनीलसाठी सर्व्हिसिंगची थाप मारून बसले होते. तोही कुणाचा पोरगाच.
गेले आबाभाऊंच्या ओट्यावर. हळद दळणाऱ्या बायका, मांडवाचे बांबू, हेही तिथेच बसलेले. सगळ्यांसमोर सांगितलं, ब्रेक मध्येच लागत नाही, शिबिरात पार्ट मिळाला नाही, घाटात नेऊ नका.
आबाभाऊ हसले. "मांगे सर्व्हिसिंग व्हती, आते ब्रेक. आखो काय बाकी ऱ्हायनं, वहिनी?" मग ह्यांच्याकडे वळून, "नाना, ब्रेक शे ना?"
हे माझ्याकडे बघत नव्हते. "शे ना! बायास्नं काय आयकस तू."
बायका हसल्या. मी घरी आले. पहिल्यांदाच खरं बोलले असते तर कदाचित... जाऊ दे. कदाचित तेव्हाही हसल्याच असत्या.

६ मे, बुधवार
तयार होऊन बसलेय. तोवर लिहिते.
सकाळी सकाळी आबाभाऊंची बायको आली. सुनीलला सख्खी बहीण नाही, छायाच करवली. कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या शेजारी, गाडीत. छायाने हो म्हटलं.
मी तिला आत ओढलं. तुला सगळं माहीत आहे ना गं? तर म्हणाली, "बाबा म्हणतात ना, ब्रेक आहे." मोठ्याने म्हणाली, ओट्यावर ऐकू जाईल असं. मग बाहेर जाऊन ह्यांच्यासमोर उभी राहिली. "आहे ना, बाबा?"
हे बूट घालत होते. एक पायात, एक हातात. मान हलवली, होकाराची का नकाराची, मला आतून दिसलं नाही. ती कऱ्हा घेऊन गेली. हत्तीला झेंडूच्या माळा, काचेवर "सुनील वेड्स" आणि मुलीचं नाव. सुनील फेटा सांभाळत आत बसला, त्याच्या बाजूला छाया.
मी बाहेर गेले. म्हटलं, मीही येते, तुमच्या शेजारी पुढे बसते. ह्यांनी वर बघितलं. किती दिवसांनी. डोळे फेब्रुवारीतल्या त्या उतारावर होते तसेच. मी म्हटलं, "जीप रिकामी उभी आहे. तुम्ही एक वाक्य बोललात तर आबाभाऊ ऐकतील. माझं नाही ऐकत कोणी." आणि आत आले. त्यापुढे बोलले असते तर रडले असते.
बँड सुरू झालाय. आबाभाऊ हाका मारताहेत, "चाल ना नाना! उशीर व्हई ऱ्हायना!" खिडकीतून हत्तीची मागची काच दिसते, छायाचा गजरा दिसतो.
हे अजून ओट्यावरच बसलेत. किल्ली मुठीत, दुसरा बूट तसाच. आबाभाऊ आता फाटकातून आत येताहेत.