गंजीतला गज

ता. ९ मार्च

जावईबापूंना अनेक आशीर्वाद. लेकीला वेगळं लिहीत नाही, ती तुमच्या खांद्यावरून वाचतेच आहे.

इकडे माझा गुडघा सोडून सगळं ठीक. कारखाना जोरात आहे. यंदा कपाशीच्या पऱ्हाट्या इतक्या आल्यात की रस्त्यावरून आपलं छप्पर दिसत नाही. पूर्वी शेतकरी त्या शेतातच पेटवून मोकळे व्हायचे, आता आधी आपल्याला फोन करतात. पऱ्हाट्यांचा भुसा दाबून केलेला आपला पांढरा कोळसा आता डेअरीच्या बॉयलरलाही जातो. ओलावा मोजायचं यंत्र तुम्ही दोन वर्षं मागत होतात आणि मी त्याला खेळणं म्हणायचो, ते शेवटी घेतलं. मिस्त्री त्याला पोटच्या पोरासारखं जपतो, मला हात लावू देत नाही.

आता गंजीबद्दल. हे लिहायचं म्हणून दोन कागद फाडले.

ओल्या पऱ्हाट्या रचल्या की गंजी आतून तापते. म्हणून तिच्या पोटात लोखंडी गज खुपसून ठेवायचा, रोज उपसून हाताला लावून बघायचा आणि हातात धरवला नाही तर गंजी ताबडतोब मोडायची, हे तुम्हाला मीच शिकवलं. गेल्या वर्षी गंजी पेटली, त्या सकाळी गज मी उपसला होता. धरवला नाही. पण गंजी मोडायची तर मशीन दिवसभर बंद राहिलं असतं, आणि नव्या गिऱ्हाइकाला मी छाती ठोकून त्या दिवसाचा शब्द दिला होता. गज परत खुपसला. संध्याकाळी बघू म्हटलं. दुपारी तीनला गंजी पेटली.

तुम्ही गंजीमागून पळत येताना दिसलात आणि मी बारा माणसांदेखत ओरडलो, "विडी ओढत होतात ना तिथे?" तोंडातून कसं निघून गेलं कळलं नाही, असं लिहिणार होतो. पण कळलं होतं. कुणी मला विचारायच्या आत मी तुम्हाला विचारलं. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी सुटलो. आठवड्याभरात तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. जावयांना इथली धूळ मानवली नाही, असं मी लोकांना सांगत राहिलो. तुमच्या हाताची पट्टी मला दिसली होती. आग विझवताना भाजलं असेल, असं धरून चाललो.

परवा लेक आली होती. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "विडी ओढतात का गं अजून?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, विडी त्यांनी आगीच्या आधीच सहा महिने सोडली होती."

"मग गंजीमागे काय करत होते?"

"गज उपसत होते. तळहाताची कातडी गेली. पंधरा दिवस मी घास भरवले त्यांना."

"मग बोलले का नाहीत?"

"सकाळी तुम्हाला गज बघताना त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, बाबा स्वतः सांगतील. मी म्हणते, नाही सांगणार. वर्ष झालं, यावरून आमची अजून भांडणं होतात."

माझी लेक माझ्याविरुद्ध बोलते आणि तुम्ही माझी बाजू घेऊन तिच्याशी भांडता. मला लाज वाटली, जावईबापू. फार वाटली.

आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावून सांगितलं, की गज मी बघितला होता आणि जावयांवर खोटा आळ घेतला. उभं राहून सांगितलं. मग मिस्त्री म्हणाला, "मालक, हे त्यांना कळवा."

कळवतोय. परत या म्हणायला मला तोंड नाही. पण ते भांडण आता मिटवा. लेकीला सांगा, तिचं चुकलं. तिच्या बापानं सांगितलं.

तुमच्यापुढे मान खाली घालून,
तुमचा सासरा