पिवळ्या कोटातली बाई

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली चारही फुटबॉल कार्डं पोचली, कोपरे शाबूत आहेत. तो गोलकीपर कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण त्याच्यामागचं आभाळ इतकं निळंशार, की वहीत निळ्या पानावर त्याला पहिली जागा दिली. लोक नामांकित खेळाडूंमागे धावतात, आपण दोघं रंगांमागे. भावोजी हसतात तर हसू देत.

आता मुद्द्याचं. जुन्या बाजारात स्वस्तातल्या टोपलीत परवा एक कार्ड सापडलं. खेळाडू हवेत, खाली हिरवंगार मैदान आणि मागे प्रेक्षकांत पिवळ्या कोटातली एक बाई. ताई, ती आई आहे! असाच पिवळा कोट शिवून ती ज्या सामन्याला गेली होती, कार्डामागे तारीख त्याचीच आहे. घर बदलताना ट्रंक हरवली, तेव्हापासून तिचा एकही फोटो आपल्याकडे नाही. ती वारली तेव्हा मी जेमतेम पाच वर्षांचा. चेहरा आठवत नाही. तो पिवळा रंग आणि गर्दीचा गलका तेवढा आठवतो. दुकानात दुरुस्तीला आलेली घड्याळं बाजूला सारून मी भिंग लावून बसतो. जवळ नेलं की चेहऱ्याचे नुसते ठिपके होतात, हातभर लांब धरलं की ती हसते. काल एका गिऱ्हाइकाची बोलणीही खाल्ली.

तुला तिचा चेहरा आठवतो. कार्ड सोबत आहे. तीच ना? एवढं कळव.

लोभ आहेच, उत्तराला उशीर केलास तर मात्र तो रुसेल.

तुझा ठेंगू

११ मार्च

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड आल्यापासून शिलाई मशीन बंद आहे. गिऱ्हाइकांना थाप मारली की सुई मोडली. तुलाही मारावी असं वाटलं. ‘हो’ लिहून पाकीट चिकटवलंसुद्धा होतं. पण या बाईच्या कोटाला मोठी कॉलर आहे. आईच्या कोटाला कॉलरच नव्हती, कापड पुरलं नव्हतं. तो बेतताना मी शेजारी बसले होते. ही आई नाही रे.

आई त्या सामन्याला गेलीच नाही. कोटाची बटणं लावून दारापर्यंत पोचली आणि तू तापाने फणफणलास. मग तशीच, कोटासकट, दुपारभर तुझ्या उशाशी बसून ओल्या पट्ट्या ठेवत राहिली. मी रेडिओ लावला तर म्हणाली, मोठा कर, यालाही मैदानात नेऊ या. तुला आठवतो तो गलका रेडिओतला.

कार्ड परत पाठवते. माझ्यावर रागव हवं तर, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पोटभर रडलो. रागावलो मुळीच नाही. कार्ड पिवळ्या पानावर लावलं आहे. बाई कुणाची का असेना, दिसते छान. शेजारचा कप्पा रिकामा ठेवला आहे.

इतके दिवस मी आईला हजारो लोकांत शोधत होतो आणि ती माझ्या उशाशी होती. आज दुपारी भिंग काढून ठेवलं आणि डोळे मिटून बसलो. गलका ऐकू आला, पिवळं दिसलं, आणि या वेळी कपाळाला गार लागलं.

लोभ असाच ठेव, आणि असंच खरं सांगत जा.

तुझा ठेंगू