भट्टीची जमीन केमिलेम्बेच्या नावे

मी, कोकुगोंझा कैजागे, वय एक्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार न्याकिबंगा, बुकोबाजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा र्वेचुंगुरा शंका काढणारच.

१. राहतं घर, केळीची बाग आणि कॉफीची झाडं र्वेचुंगुराला. छपराचे पत्रे गेल्या वर्षी नवे घातले आहेत. ते घालायला कोण आलं आणि कोण नाही आलं, हे त्याने शेजारी विचारावं.

२. बागेमागची जमीन, जिथे भट्टीचा जुना खड्डा आहे, ती त्याला मिळणार नाही. तिथे त्याला लॉज बांधायचा आहे. मागच्या नोव्हेंबरात भाजलेले नाकतोडे खाता खाता म्हणाला, "आई, खड्डा बघायला कोण येणार आहे?" आमच्या हाया लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी अशाच खड्ड्यांमध्ये पोलाद केलं. शाळेच्या पुस्तकात मात्र लोखंड परक्यांनी आणून दिलं असं छापलेलं. ते पान आलं की मी पुस्तक मिटायला लावून "आता खरं ऐका" म्हणायचे. त्याबद्दल मला तीनदा लेखी समज मिळाली. ती पत्रं चुलीत घालावीत.

३. वडिलांचे भाते आणि दगडी घण भाच्याला, म्हणजे माझा थोरला भाऊ मुगान्यिझी याच्या मुलाला. वडिलांनी मुगान्यिझीला भट्टीचं सगळं काम शिकवलं. मला मात्र "बाईमाणसाने भट्टीकडे फिरकू नये" म्हणून लांब बसवलं. मी लांबूनच पाहिलं. १९८४च्या जुलैत सातवीची मुलं घेऊन मीच भट्टी लावली. लोखंडाचे दगड, वारुळाची माती, पाणथळीतलं गवत, कोळसा, सगळं गोळा केलं. पहिल्यांदा नुसती राख निघाली आणि सगळा गाव हसला. दुसऱ्या खेपेला मुगान्यिझी केळींच्या आड येऊन उभा राहिला. मग त्याला राहवेना.

"नळ्या आत सरकव! अजून आत! भात्याची हवा नळीतच तापायला हवी, थंड आत गेली तर निखारे मरतात, कळत नाही का तुला?"

"आधी सांगितलं असतंस तर कळलं असतं, दादा!"

तो नळ्यांना हात लावायला पुढे झाला आणि शेवटपर्यंत हलला नाही. संध्याकाळी पोलादाचा गोळा निघाला. त्या एका ओरडण्यापायी मी भावाला माफ केलं आहे. निम्मंच.

४. तो गोळा घेऊन मी शिक्षण कार्यालयात गेले होते. साहेबांनी तो हातात घेऊन विचारलं, "बाई, कुठल्या दुकानातून आणलात?" तो गोळा शाळेला द्यावा. कपाटात ठेवणार असतील तर देऊ नये. मुलांनी तो उचलून पाहिला पाहिजे.

५. खड्ड्याची जमीन केमिलेम्बे न्शोझा हिला. भट्टीत नळ्या धरणाऱ्या मुलींमध्ये ती होती. दोनच महिन्यांनी सातवीची परीक्षा झाली. लोखंड कोणी आणलं या प्रश्नाला तिने लिहिलं, 'कोणी आणलं नाही, आम्ही केलं.' त्या उत्तराला शून्य मिळालं. पुढच्या शाळेची जागा एका गुणाने गेली. मी धावपळ केली, तेव्हा साहेब म्हणाले, पुस्तकातलं उत्तर लिहून दिलं तर फेरविचार करू. मी तिला म्हटलं, "लिही बाई, काय बिघडतं?" हे मी म्हटलं. मी.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही खोटं शिकवलंत का?"

"नाही."

"मग?"

आज ती बाजारात केळी विकते. काल तिला जमिनीचं सांगितलं तर हसून म्हणाली, "जमीन कशाला, बाई? माझा तो एक गुण द्या."

६. म्हणून नोंदवते की, केमिलेम्बे न्शोझा, इयत्ता सातवी, हिचं उत्तर बरोबर आहे. गुण दिला.

सही: कोकुगोंझा कैजागे, वर्गशिक्षिका

वरील मजकूर आमच्यासमोर वाचून सही केली:
१. र्वेझाउरा बगेंडा, शेजारी
२. अनासिया न्याकाटो, सुईण

न्याकिबंगा, १४ नोव्हेंबर २०१९