धावपट्टीचा ओके रिपोर्ट

४ ऑक्टो., रवि.
कमिटीचे म्होरके सुभेदार, त्यांचा जावई पुण्याहून आला. कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. भरतीच्या पोरापोरींना पळायला गायरानात धावपट्टी करायची, त्या कमिटीला तालमीत बसवून शिकवलं. काम नेमकं काय आणि काय नाही, ते आधी ठरवा. मग तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला एकच धनी, एकच तारीख. दर रविवारी आढावा. भिंतीवर खडूनं तीन रकाने आखले: करायचं, चालू, झालं. त्यात रंगीत चिठ्ठ्या. माणूस हुशार. बूट घालून तालमीत शिरला, तेवढं सोडून.

शेवटी विचारलं, यात काय काय बिघडू शकतं? दत्तू हवालदार म्हणाला, "चांगल्या कामात वंगाळ कशाला बोलायचं?" जावयानं भिंतीवर त्या प्रश्नासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेचा फोटो काढला. धोका नाही, अशी नोंद झाली असावी. मला इथंच गडबडीचा वास आला.

मला 'संपर्क' हे काम. पेपरात तिरकं लिहितो, म्हणजे माणसं जोडता येत असणार, असा हिशेब.

ऋतुजाचा एकच प्रश्न. "पप्पा, कारखाना सुरू व्हायच्या आत होईल ना?" पोलीस भरतीची तयारी करतेय. सध्या पहाटे आष्टा रोडला पळते. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्ता बंद, हे मीच बजावलंय. गेल्या हंगामात एका जोडट्रॉलीनं तिला कडेच्या चरीत उतरवलं. हसत घरी आली. चहाचा कप मात्र दोन्ही हातांनी धरला होता.

११ ऑक्टो., रवि.
पहिला आढावा. मी सोडून सगळे पेन्शनर फौजी. सुभेदार नाव घेणार, त्यानं उठायचं, ताठ. "ओके, साब." बसायचं. पलटणीत संध्याकाळी असाच ओके रिपोर्ट असतो म्हणे. ज्याचं ओके नाही त्याची धडगत नाही. चिठ्ठ्या भराभरा 'झालं'कडं सरकल्या. आढाव्यापेक्षा चहाला जास्त वेळ लागला.
मीही उठलो. "ओके." साब म्हणालो नाही. पाठ मात्र आपोआप सरळ झाली होती.
घरी ऋ. खूश. मी नाही. आपल्याकडं ग्रामपंचायतीचा एक दिवा बदलायला पंचमी ते दसरा लागतो.

१७ ऑक्टो., शनि.
न राहवून संध्याकाळी गायरानात गेलो. भिंतीवर 'मुरूम: झालं', 'रोलर: चालू'. इथं मुरमाचे ढीग, एका ढिगावर कुत्रं. दोन्ही चिठ्ठ्यांचा धनी दत्तू सायकल लावून उभा.
"दत्तू, रोलर कुठाय?"
"शिराळ्याकडं हाय. रस्त्याच्या कामावर."
"मग आपल्याकडं चालू कसा?"
"चालूच हाय की. तिकडं."
"सुभेदारांना सांग ना."
"गड्या, त्यांच्या हाताखाली नोकरी काढली मी. त्यांच्या तोंडावर न्हाई म्हणू? तू म्हण. तुला काय, तू शिविलियन."
खोटं बोलतोय असंही नाही. मुरूम आला, म्हणजे त्याच्या लेखी झालं. पसरणं हा वेगळा तुकडा, आणि त्याला धनीच नाही.

१८ ऑक्टो., रवि.
माझं नाव आलं. म्हणालो, "ओके नाही. मुरूम ढिगात आहे, रोलर शिराळ्यात."
जावई फोनवर होता, स्पीकर लावलेला. "व्हेरी गुड! असं मोकळं बोललं पाहिजे!" कुणीतरी फोन कापला.
सुभेदार चिडले नाहीत. "बरं," एवढंच. शिवी दिली असती तर झोप लागली असती.
दत्तूनं हॉटेलात माझ्याकडं पाठ केली.

२५ ऑक्टो., रवि.
सुभेदारांची नवी ऑर्डर. "ज्याचं काही राहिलं नाही त्यानं उभं राहायचं. ज्याचं राहिलंय त्यानं काय राहिलंय ते सांगून बसायचं."
सगळे उभे. मीही. बराच वेळ. गुडघे सगळ्यांचेच पन्नाशीपुढचे.
पहिला दत्तू बसला. "रोलर न्हाई, साब. कवा येतोय तेबी ठाव न्हाई." मग चरीवाला. मग कुंपणवाला. मग मी. संपर्क म्हणजे ग्रुपवर मेसेज टाकला होता. गायरानात मेंढरं चारायला येणाऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडं तो ग्रुप नाही.
शेवटी सुभेदार एकटेच उभे. खुर्ची हातानं चाचपत तेही बसले.
"गायरानाची परवानगी. तालुक्याला साहेब म्हणाले, तुम्ही करा, बघू. मी हुकूम समजलो. कागद नाही."
दोन आठवडे ती चिठ्ठी 'झालं'त सगळ्यात वर होती. मी ती एकटीच खरी धरून चाललो होतो.

३० ऑक्टो., शुक्र.
कारखान्याचा भोंगा वाजला. दत्तूनं रोलर आणला, शिराळ्यापासून ड्रायव्हरच्या शेजारी बसून. अर्धी पट्टी दबली. मेंढरंवाल्या म्हातारबाला भेटलो. "आवं, आमाला कडनं वाट ठेवा, बास. पोरी पळू द्यात की." एवढंच विचारायचं होतं. बाकीचं दबवायचं का, यावर कमिटीत दोन तट. परवानगी नाकारली तर सगळा मुरूम उचलावा लागेल.

२ नोव्हें., सोम.
रस्त्यावर ट्रॉल्या. ऋ. दबलेल्या अर्ध्या पट्टीवरच ये-जा करून आली. नडग्यांपर्यंत तांबडी. वळणावर वेळ जातो म्हणाली. भरतीची तारीख कधीही लागेल.

तालुक्याचे साहेब उद्या पहाटेच जागा बघायला येणार. त्यांना नंतर दौरा आहे. संध्याकाळी सुभेदारांचा फोन. "उद्या मैदानावर चिटपाखरू नको. आधीच वापरतोय असं दिसलं तर संपलं." ठेवतोय तोवर दत्तूचा, पंधरा दिवसांनी पहिल्यांदा. "पोरीला पळू दे रं त्यांच्यासमोर. मोकळ्या जागेला कोण परवानगी देतंय?"
दोघंही खात्रीनं बोलले. आता खात्रीच्या आवाजाचीच जास्त भीती वाटते. साहेब कसे आहेत, दोघांनाही ठाऊक नाही.

ऋ. दारात बुटातली माती झटकत होती. "पप्पा, मग उद्या कुठं पळू?"
म्हणालो, सांगतो.
ती आत गेली नाही. दुसरा बूट हातात घेऊन उभी राहिली.